आबांच्या चित्रांची घरं

आमच्या आबांचं एकही चित्र आमच्या घरात नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण अजूनही लोक शहापूरच्या बाजारपेठेत विचारत विचारत आमच्याकडे येतात, चहा घेतात आणि भिंतींकडे बघत बसतात. भिंतीवर काय आहे? दत्तगुरूंची तसबीर, सासूबाईंच्या माहेरचं घड्याळ आणि किराणावाल्याचं कॅलेंडर. मग मी म्हणते, चित्रं बघायची असतील तर चपला पुन्हा पायात घाला.

आबा म्हणजे माझे सासरे, भगीरथ वेखंडे. सगळा तालुका त्यांना आबा म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणू लागले. बाजारपेठेत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. शाळेच्या फॉर्मचे फोटो, मुलगी दाखवायचे फोटो, लग्नाचे, बारशाचे, आणि कुणी गेलं तर चौकटीत घालायला मोठा करून दिलेला फोटो. हे पोटाचं काम. दुसरं एक काम ते करायचे, त्याला सासूबाई 'डिंकाचा धंदा' म्हणायच्या. त्यात धंदा असा काहीच नव्हता.

एक्क्याण्णव साली मी लग्न होऊन या घरात आले. त्या थंडीत शेजारची सून बाळंत झाली, तिच्यासाठी लाडू करायचे म्हणून मी डिंक शोधत होते. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "डिंक माळ्यावर हाय. पण त्याला हात लावशील तर तुझा सासराच तुला माहेरी पोचवून येईल."

"मग लाडू कशाचे करू, आई?"

"वाण्याकडचा आण. चांगला डिंक फोटोला आणि मातीचा डिंक बाळंतिणीला, असं हे घर हाय. तुझ्या वेळी बघशीलच."

मी शिडी लावून डबा खाली काढला. धावड्याचा डिंक, निवडून ठेवलेला. एकेक खडा मधासारखा पिवळा, आरपार दिसणारा. लाडवाला असा डिंक मिळाला तर बाई धन्य होईल. मी झाकण लावून डबा परत वर ठेवला.

आबा हे काम तरुणपणी शिकले, स्वातंत्र्याच्या आधी. गिरगावात एका पारशी साहेबांच्या स्टुडिओत ते पेटी उचलायला आणि काचा धुवायला होते. त्या काळी काही फोटोग्राफर असे होते की कॅमेऱ्यानं काढलेला फोटो हा त्यांना कच्चा माल वाटायचा. त्याचं चित्र हातानं करायचं, चितारी करतो तसं. कडा मऊ करायच्या, नको तो पसारा धुक्यात घालवायचा, हवा तेवढाच उजेड ठेवायचा. मागून लखलखीत छपाई आली, रंगीत फोटो आले आणि ही मंडळी मागे पडली. साहेबांनी दुकान बंद केलं तेव्हा लाकडी पेटीचा मोठा कॅमेरा आबांना दिला. आबा तो घेऊन शहापूरला परत आले आणि ती विद्या त्यांनी टाकली नाही.

मी ती पुष्कळदा बघितली आहे, म्हणून सांगते. डिंक भिजवायचा, फडक्यातून गाळायचा, त्यात रंग कालवायचा. मग एका बाटलीतल्या नारिंगी खड्यांचं पाणी घालायचं. ते खडे विषारी, त्यांना मला कधी हात लावू दिला नाही. हे सगळं जाड कागदावर ब्रशनं सारवायचं आणि अंधारात वाळवायचं. वर निगेटिव्हची काच ठेवून कागद उन्हात धरायचा. जिथे ऊन लागतं तिथला डिंक धरून बसतो, जिथे लागत नाही तिथला पाण्यात सुटतो. शेवटी परातीत पाणी घेऊन कागद पालथा सोडायचा. थोड्या वेळानं उलटला की नुसत्या काळ्या सारवणातून कुणाचं तरी कपाळ, कुणाचा तरी खांदा वर आलेला असायचा. एकदा झालं की पुन्हा तेच सगळं, दुसरा हात, तिसरा हात. एका चित्राला पावसाळा सोडून कितीतरी दिवस जायचे.

काळ्या रंगासाठी त्यांना काजळी लागायची. मी सून म्हणून आले तेव्हा घरात समई रोज लावणारी मीच. एक दिवस आबा देवघराच्या दाराशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "प्रेमा, समईवर वाटी पालथी धरशील का?"

मी म्हटलं, "देवाच्या दिव्याची काजळी फोटोला?"

"फोटोतलं माणूस पण देवानंच केलंय ना."

मनाला पटलं नव्हतं, पण दत्तगुरूंपुढे हात जोडून विचारलं आणि वाटी धरली. त्यानंतरच्या सगळ्या चित्रांत काळं जेवढं आहे ते आमच्या देवघरातलं आहे. हे मी अभिमानानं सांगते, आणि सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, बघा, आता हीपण डिंकवाली झाली.

डिंक आणायची ठमी. उंबरमाळीच्या वरच्या पाड्यावरची म्हातारी, बाजाराच्या दिवशी पाटी घेऊन यायची. आमच्या ओटीवर टेकायची, चहा प्यायची आणि सासूबाईंना विचारायची, "गो गीताबाय, तुझा मास्तर इतका डिंक खातो का चाटतो? त्याच्या पोटात चिकटत नाय?"

"डोक्यात चिकटलाय त्याच्या," सासूबाई म्हणायच्या.

लोक चित्रं बघून थट्टा करायचे. "आबा, फोटो काढताना हात हलला वाटतं." "आबा, चुलीच्या धुरात काढलात काय?" आबा हसून म्हणायचे, "तुला स्वप्न पडतं तेव्हा त्यात केस मोजता येतात का रे?"

त्यांचा एक नेम होता. चित्र एकच करायचं आणि ज्याचं काढलं त्याच्या घरी नेऊन द्यायचं. दुसरी प्रत नाही, पैसे नाहीत. "ज्याचं तोंड त्याचं चित्र," एवढंच म्हणायचे. अशी चित्रं शहापूर-मुरबाडच्या गावागावांत, पाड्यापाड्यांत जाऊन बसली. त्या त्या घरची म्हातारी माणसं पुढे गेली. मग घरच्यांनी चित्राला कुंकू लावलं, हार घातला आणि ते देवघराशेजारी आलं. चित्राचा पितर झाला.

दोन हजार एक साली आबांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, आहे ती नजर औषधांनी राखू, गेलेली परत येणार नाही. घरी येताना रिक्षात आबा मला म्हणाले, "गंमत बघ. कडांनी काळं पडत चाललंय आणि मध्ये तेवढा उजेड. आयुष्यभर चित्रं अशीच केली, आता डोळ्यांनीच ती रीत उचलली."

मला हसू आलं नाही. बाहेर बघत ते म्हणाले, "आमच्या साहेबांचं प्रदर्शन मी बघितलं होतं. एका भिंतीवर ओळीनं चित्रं. लोक मागे हात बांधून एकेका चित्रापुढे उभे राहत होते. माझी सगळी एकत्र मी कधी बघितलीच नाहीत. एक झालं की देऊन टाकलं. डोळे आहेत तोवर एकदा बघायची होती."

आबांनी सबंध आयुष्यात काही मागितलेलं मी ऐकलं ते एवढंच. मी गुरुवारी दत्ताला सांगून ठेवलं.

पुढच्या पावसाळ्यात मिताली आली. मुंबईत फोटोग्राफी शिकवणारी मुलगी, तिशीच्या आतली. मैत्रिणींबरोबर माळशेजला धबधबे बघायला निघाली होती. वाटेत टोकावड्याला रघूच्या ढाब्यावर जेवायला थांबली. हात धुवायला मागच्या घरात गेली, तर आतल्या खोलीत रघूच्या वडिलांचं चित्र. ती म्हणे तिथेच उभी राहिली, भाकरी थंड झाली. माळशेज राहिलं बाजूला, रघूकडून पत्ता घेऊन दुसऱ्या आठवड्यात ती आमच्या दारात.

"आबा, हे गम प्रिंट आहे ना, डिंकावरचं? पिक्टोरियल काम, चित्रासारखं? मी हे फक्त जुन्या पुस्तकांत बघितलंय. असं काम करणारं आता कुणी उरलं असेल असं वाटलंच नव्हतं."

आबा म्हणाले, "उरलोय. थोडा."

ती दर रविवारी यायला लागली. सासूबाई तोपर्यंत गेल्या होत्या. नाहीतर मुंबईची पोरगी डिंकाचा डबा मांडीवर घेऊन बसलेली बघून त्यांनी तिलाही दोन शब्द ऐकवले असते. मितालीनं आबांना बोलतं केलं, कोण कुठे आहे ते विचारून घेतलं आणि एक दिवस धावतच आली. मुंबईत हॉल मिळाला होता. मोठा, चांगला, सगळ्या बाजूंनी दिवे असलेला. एरवी वर्षवर्ष नंबर लागत नाही, पण सप्टेंबरअखेरचा पंधरवडा रिकामा होता.

आबांचा चेहरा मी बघत होते. ऐंशी वर्षांचा माणूस, पण कान लाल झाले होते. आमचे हे तर लगेच जीप ठरवायला निघाले.

मी कॅलेंडरचं पान उलटलं. म्हटलं, "मिताली, तो हॉल रिकामा का होता ते कळलं का तुला?"

"का?"

"अगं, पितृपक्ष आहे तो. त्या दिवसांत कोण शुभकार्य काढणार?"

"पण वहिनी, आपल्याला चालेल ना? हे काही लग्न नाही."

"आपल्याला चालेल. चित्रं ज्यांच्या घरी आहेत त्यांना चालेल का?"

हे मला म्हणाले, "तू आता प्रत्येक गोष्टीत पंचांग आणू नकोस."

आबाही म्हणाले, "प्रेमा, ते फोटो आहेत गं. पितर नाहीत."

मी म्हटलं, "आबा, तुमच्यासाठी फोटो. त्यांनी हार घातलाय त्याला." पण त्यांचा तो चेहरा बघून जास्त बोलले नाही. गणपती गेले आणि आम्ही जीप घेऊन निघालो. आबा, मिताली आणि मी. ह्यांना रजा नव्हती. मितालीनं जुन्या चादरी आणि पुठ्ठे घेतले होते, चित्रं गुंडाळायला.

पहिलं घर रघूचं. त्याच्या वडिलांना आबांनी म्हसा गावच्या जत्रेत काढलं होतं, बैलाच्या मानेवर हात ठेवून उभे, मागे नुसती उन्हातली धूळ. आबा चित्राच्या अगदी जवळ गेले. कडेनं दिसत नसल्यामुळे मान वळवत वळवत, जसं कुणी भिंत चाचपतं तसं ते बघत होते.

मितालीनं रघूला सगळं समजावलं. रघू हात पुसत ऐकत होता. मग म्हणाला, "आबा, तुमच्यासाठी जीव मागा. पण हे आता नाय जमायचं. बाप वर्षभर भिंतीवर असतो, काय बोलत नाय, काय मागत नाय. पंधरा दिवस तेवढा जेवायला येतो. आणि त्याच दिवसांत मी त्याला मुंबईला पाठवू? तिथं त्याला वडे कोण वाढील?"

मिताली म्हणाली, "पण दादा, फोटो इथे नसला तरी तुम्ही पान वाढू शकता ना?"

"वाढीन. आणि तो येईल नि बघील, भिंत रिकामी. मग म्हणंल, पोरानं मला भाड्यानं दिला."

मला हसू आवरेना. आबाही हसले, पण ओठांनीच. रघू म्हणाला, "घट बसले की या. तेव्हा खुशाल न्या, मी स्वतः गाडीत ठेवीन." पण घट बसतील तेव्हा हॉलमध्ये दुसरं कुणीतरी येणार होतं.

जीपमध्ये मिताली म्हणाली, "आबा, मी चित्रांचे चांगले फोटो काढते. मोठे करून तेच लावू."

"फोटोचा फोटो?" आबा म्हणाले. "मग मी डिंक कशाला गाळत बसलो?"

तिथून तानशाला गेलो. धरणाच्या बाजूला सकुबाईचं घर, तिचा नवरा पाइपलाइनवर राखणदार होता. तिच्या दारासमोर तलावाचं पाणी आणि त्याची एवढी चमक, की आत आलं तरी डोळे मिटावेसे वाटतात. आतल्या भिंतीवर तिच्या नवऱ्याचं चित्र, गच्च काळं, काळ्यातून कपाळ आणि काठीची मूठ तेवढी उजळलेली.

सकुबाई आबांना बघून म्हणाली, "हा बाबा आला का परत? गो वयनी, तुला सांगते, चित्र द्यायच्या आधी हा आमच्या ओटीवर सकाळपासून ऊन कलेपर्यंत बसला होता. कुठं लावनार विचारलं नि त्या भिंतीकडं नुसता टकमका बघत. मी शेजारणीला म्हटलं, माझी पोर अजून पाळण्यात हाय नि याला भिंत पसंत पडलीय."

आबा म्हणाले, "भिंत बघायला लागते, सकुबाई."

"बघ की मग. पण उचलू नको. त्याची तिथ नवमीच्या पुढची हाय. तो गेला तेव्हापासून एकदापन चुकवली नाय मी."

सकुबाईनं चहा दिला, काकडी दिली, अळूची पानं बांधून दिली. चित्र दिलं नाही. असं आणखी दोन घरी झालं. कुणी रागावलं नाही, कुणी दार लावलं नाही. प्रत्येकानं आबांना मानानं बसवलं आणि प्रत्येकानं नाही म्हटलं. घरी आल्यावर आबा जेवले नाहीत. मी ताट झाकून ठेवलं आणि जपाला बसले, पण माळ पुढे सरकेना. मी घरोघरच्या माणसांच्या बाजूची होते आणि आबांच्याही. अशा वेळी देवाकडे नक्की काय मागायचं हे कळत नाही.

दुसऱ्या दिवशी उंबरमाळी राहिलं होतं. आबा म्हणाले, "जाऊ. ठमीला तरी बघून येऊ." ठमी जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. तिचं चित्र म्हणजे आबांचं सगळ्यात लाडकं. ती पाड्याच्या वाटेवर उभी आहे, डोक्यावर डिंकाची पाटी, तोंड अर्धं वळवलेलं, आणि मागे डोंगर आहे की धुकं, सांगता येत नाही.

जीप हायवेपासून थोडी आत गेली आणि थांबली. पुढे चढ, त्यात पावसानं वाट धुऊन नेलेली. ठमीचा मुलगा गोमा आणि त्याचे दोन भाऊबंद खाली उभे होते, बांबूला घोंगडी बांधून केलेली डोली घेऊन. पाड्यावर कुणी आजारी पडलं, बाई अडली, की याच डोलीतून खाली आणतात.

आबा म्हणाले, "मी चालेन रे."

गोमा म्हणाला, "बस मास्तर. ही डोली जन्मभर माणसं खालीच नेते. वर चढनारा पयला तूच. तिलापन कळू दे वर काय असतं ते."

असे आमचे आबा डोलीत बसून पाड्यावर गेले. मागे मी आणि मिताली, चिखलात घसरत. पाड्यावरच्या बाया दाराशी आल्या. एक म्हणाली, "कोन आजारी हाय रे?" गोमा ओरडला, "आजारी नाय. आयचा फोटोवाला हाय." मग सगळ्याच मागून यायला लागल्या.

गोमाचं घर कुडाचं, ठेंगणं, खिडकी नाही. आत चूल पेटलेली. बाहेरून आत गेले तर मला आधी काहीच दिसलं नाही. मग चुलीपलीकडे, कणगीच्या वर, ठमी दिसायला लागली. अंधारातून जशी वाटेवरून चालत आली. मी नकळत डोक्यावर पदर घेतला.

मितालीनं या वेळी मागितलंच नाही. आदल्या दिवशीचं तिला पुरलं होतं. गोमाच म्हणाला, "वयनी, जीप कशाला आणलीत ते कळलं मला. रघूनं निरोप धाडला. न्या आयला."

आबांनी मान वर केली. "पितरं हायत ना तुझीपन?"

"हायत की. पन आयला फिरायची लय हौस. शहापूरच्या पुढं काय पायलं नाय तिनी. मी पान वाढीन नि सांगीन, आय मुंबईला गेलीय, येईल तेव्हा जेवंल."

आबा भिंत धरत अंगणात जाऊन बसले. एक का होईना, आणि तेही हे, भिंतीवर लागणार होतं. गोमानं चित्र खुंटीवरून उतरवलं, धोतरानं पुसलं आणि बाहेर अंगणात आणून आबांच्या मांडीवर ठेवलं. मिताली चादर उलगडायला लागली आणि थांबली.

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. त्या उन्हात चित्र बघितलं तर ठमी जवळजवळ नव्हतीच. फिका राखाडी कागद, त्यात पाटीची एक गोलाई आणि गालाची पुसट रेघ. पाड्यावरच्या बाया वाकून बघत होत्या. एक म्हणाली, "उडाला गो फोटो."

गोमा म्हणाला, "काय मास्तर, उनात आयनं ओळख सोडली का?"

मितालीनं चित्र उचलून पुन्हा घरात नेलं, चुलीशी धरलं, परत बाहेर आणलं. दोनदा केलं तिनं तसं. मग आबांच्या शेजारी मातीत बसली आणि म्हणाली, "आबा, हे इतकं फिकं आहे. सकुबाईंकडचं गच्च काळं होतं. मला काल वाटलं, तुमचा हात त्या वेळी जड पडला असेल. पण तुम्ही भिंत बघायला बसायचात. ही चित्रं तुम्ही त्या त्या घराच्या उजेडाला केलीत ना? हॉलमध्ये एका भिंतीवर लावली तर अर्धी उडालेली दिसतील आणि अर्धी बुडालेली."

मला वाटलं, आता आबा रडतील. पण ते हसायला लागले. आधी बारीक, मग खांदे हलेपर्यंत.

"मीच केलं की हे," ते म्हणाले. "मीच केलं आणि मीच विसरलो. साहेबांची सगळी चित्रं त्या एका हॉलसाठी होती. माझी कुठे होती?"

मिताली म्हणाली, "प्रत्येक चित्राला वेगळा दिवा देता येतो, आबा. कुणाला कमी, कुणाला जास्त."

"देशील. मग ठमीला धूर लागेल, सकुबाईच्या नवऱ्याला समोर पाणी लागेल. तेवढं केलंस तर घरंच बांधलीस की तू." त्यांनी चित्र गोमाकडे दिलं. "ठेव रे परत. तिला फिरवायचीच असेल तर लोकांनाच तिच्याकडे फिरव."

परतीच्या वाटेवर ते डोलीत ताठ बसले होते. नवरदेवासारखे, असं मी त्या दिवशीच्या वहीत लिहिलं आहे. ते वाचून आता हसू येतं, पण खरंच तसे दिसत होते.

हॉल मितालीनं सोडला नाही. पंधरा दिवस तिथे भिंतीवर एकही चित्र नव्हतं. दाराशी फक्त एक छापलेला कागद ठेवला होता, आबांचं नाव मोठ्या अक्षरांत, आणि खाली कुठलं चित्र कुठल्या गावात, कुणाच्या घरी, तिथे कसं जायचं. रस्ते तिनं लिहिले. माणसं मी सांगितली. लोक म्हणे रिकाम्या भिंती बघून आधी चिडायचे आणि मग कागद घेऊन जायचे. त्यातली बरीचशी मंडळी आली. पहिली आली ती रघूच्या वडिलांच्या तिथीलाच, मुंबईची आठ-दहा माणसं. रघूनं कावळ्याला पान ठेवलं आणि या सगळ्यांना पंगतीत बसवलं. आबा मधल्या पाटावर. रघू वाढताना म्हणत होता, "बाप एकटाच जेवायचा दरसाल. औंदा त्याला बघायला मुंबई आलीय."

त्यानंतर अडीच वर्षं आबा होते. येणाऱ्यांबरोबर शक्य तिथे जायचे. असं करत करत त्यांनी आपली बहुतेक सगळी चित्रं पुन्हा बघितली, एकेक, त्याच्या त्याच्या भिंतीवर. शेवटच्या वर्षी नजर जवळजवळ गेली होती. तेव्हा ते दाराशी बसायचे आणि आत गेलेल्यांना विचारायचे, "दिसलं का? कपाळ दिसलं का आधी?" दिसलं म्हटलं की मान हलवायचे. दोन हजार पाचच्या माघात ते गेले. टोकावड्यापासून उंबरमाळीपर्यंतची माणसं आली होती. आमच्या ओटीवर एवढी माणसं मावतात हे मला त्या दिवशी कळलं.

तर आता पत्ते. रघूकडे जायचं तर कल्याणहून माळशेजकडची एसटी घ्या. कंडक्टरच विचारतो, "ढाबा का चित्र?" चित्र म्हटलं की अलीकडे उतरवतो, घर तिथून जवळ पडतं. दुपारी जा, तेव्हा मागच्या दारातून ऊन येतं आणि जत्रेची धूळ पिवळी दिसते. सकुबाईकडे सकाळी जा. तिला आता ऐकू कमी येतं, तिची लेक हर्षाली दाखवेल. पितृपक्षात गेलात तर जेवूनच यावं लागेल, नाही म्हणू नका. आणि कुठेही गेलात तरी आधी चित्राला नमस्कार करा, मग बघा. मी तशी सवय लावली आहे.

गोमाकडे जायला चढ आहे. डोली आजाऱ्यांसाठी राखलेली असते, तेव्हा पायीच जा. आत शिरल्यावर काही दिसणार नाही. पुष्कळ जण तिथूनच म्हणतात, कुठे आहे? आणि टॉर्च काढतात. गोमा टॉर्च लावू देत नाही. चुलीजवळ घोंगडी टाकतो, पाण्याचा तांब्या पुढे ठेवतो आणि म्हणतो, "बसा जरा. येल ती."